दोन स्वयंपाकघरांमधला कोनाडा

भाऊबीजेच्या ताटात भावाने ओवाळणी घालायची असते. मी त्या ताटात कागद ठेवला आणि बहिणीकडून सही मागितली.

तीन वर्षं झाली त्याला. शकूताईने मला ओवाळलं, कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि ताट माझ्याकडे सरकवलं. मी खिशातून घडी घातलेलं संमतिपत्र काढलं आणि निरांजनाची ज्योत लागणार नाही अशा बेताने सुपारीशेजारी ठेवलं. ज्योत लागू नये याची काळजी मी घेतली होती, हे मला पक्कं आठवतं. बाकी कसलीच घेतली नव्हती.

कारणं सांगत बसत नाही. त्या काळात मी ती भेटेल त्याला सांगितली आहेत, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ती पटलीही आहेत.

शकूताई माझी सख्खी बहीण नाही. जळगाव जामोदच्या जुन्या पेठेत आमची आणि त्यांची घरं खेटून उभी होती. खाली दुकान, वर राहणं, रस्त्याच्या अंगाला सागवानी खांबांची गॅलरी. दोन्ही घरांमध्ये भिंत एकच, हातभर रुंदीची. त्या भिंतीच्या डाव्या बाजूला आम्ही आणि उजव्या बाजूला ते. तिला भाऊ नव्हता, मला बहीण नव्हती. आता ती दोन्ही घरं मिळून एक हॉटेल झालं आहे. सातपुड्यातलं जंगल बघायला येणाऱ्या पैसेवाल्या पाहुण्यांसाठी त्यात सुइट काढले आहेत. गेल्या महिन्यात हॉटेलवाल्यांचं पत्र आलं, की जुन्या मालकांनी एक दिवस आमचे पाहुणे म्हणून राहावं. बायको म्हणाली, नका जाऊ. मी गेलो.

माझ्या वडिलांच्या दुकानात डोंगरातला माल यायचा. डिंक, चारोळी, हिरडा, मध. चैत्रात मोहफुलं यायची आणि ती गच्चीवर वाळत पडली की सगळ्या घराला एक आंबटगोड, जड वास धरायचा. उशीला यायचा, शाळेच्या दप्तराला यायचा. वर्गातली पोरं नाक दाबून म्हणायची, "आला पाह्य मोहाचा माठ." शकूताईच्या घरचं दुकान पितळी भांड्यांचं. तिथून वास कसलाच यायचा नाही, यायचा तो आवाज. लग्नसराईत बापूकाका, म्हणजे तिचे वडील, भांड्यांवर नावं घालायला बसले की दिवसभर बारीक छिन्नीची टिकटिक चालायची. आमचा वास भिंतीतून त्यांच्याकडे जायचा आणि त्यांचा आवाज आमच्याकडे यायचा, असं मला लहानपणी खरंच वाटायचं.

भिंतीतून म्हणजे कोनाड्यातून. वरच्या मजल्यावर दोन्ही स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून होती आणि मधल्या भिंतीत आरपार कोनाडा होता. कोणी ठेवला, का ठेवला, मी कधी विचारलं नाही. दोन्ही बाजूंना एकेक लाकडी झडप, आणि कडी मात्र एकाही झडपेला नव्हती. दिवेलागणीला ज्या घरात आधी वात पेटे त्या घरचा दिवा कोनाड्यात ठेवला जाई. मग दोन्ही झडपा उघड्या राहत आणि एकाच दिव्यावर दोन्हीकडच्या भाकरी होत. वीज आल्यावरही आई आणि काकू, म्हणजे शकूताईची आई, तो दिवा लावतच राहिल्या.

कोनाड्यात आतून कल्हई केलेली एक पितळी वाटी कायम असायची. विरजणाची. आमचं दही आंबून गेलं की आई रिकामी वाटी कोनाड्याच्या दगडावर दोनदा आपटायची. टण टण. पलीकडून झडप उघडायची, हात यायचा आणि वाटी भरून परत यायची. त्यांचं बिघडलं की तसंच उलट. त्यामुळे दोन्ही घरांचं दही एकच होतं. वाटीच्या कडेवर शकूताईने नाव घातलं होतं, "शकू", बारा वर्षांची असताना, बापूकाकांच्या हातातली छिन्नी घेऊन. पहिलं अक्षर जरा कललेलं होतं. पुढे तिचा हात बापूकाकांपेक्षा साफ झाला. पेठेतल्या नवऱ्या मुलींच्या भांड्यांवर "मामांकडून" आणि "आत्याकडून" असं तिनंच घातलं. गावात कोणाचं लग्न ठरलं हे आम्हाला पत्रिका येण्याच्या आधी कोनाड्यातून कळायचं.

एकदा मी त्या कोनाड्यात डोकं घातलं. पलीकडे तिळगुळाचा पाक चालला होता आणि मला तो बघायचा होता. डोकं आत गेलं, कान मागे दुमडून गेले, आणि परत येईना. मी रडायला लागलो. आई मागून पाय ओढत होती आणि पुढे बरोबर नाकासमोर शकूताईचं तोंड.

"काऊन घुसलं बे आत?"

"वास येऊन राह्यला होता."

"मंग घे वास आता. लगन होईपर्यंत असाच राह्य. पोरगीवाले पाह्याले येतीन त्याहिले इकडून तोंड दाखवू अन् तिकडून पाय."

मी आणखी जोरात रडलो. मग तिने तुपाचं बोट घेतलं आणि आत हात घालून माझ्या दोन्ही कानांना लावलं. "बोलू नोको. रडलं का कान फुगते." मी गप्प झालो. अंधारात, दगडात, कुठेही हलता येत नाही, आणि कानामागे कोमट तूप. आजही कुठे कोंडल्यासारखं झालं की मला आधी तुपाचा वास येतो.

त्याच वर्षी दिवाळीत मला कांजिण्या आल्या. घराबाहेर पडायचं नव्हतं आणि कोणी आत यायचं नव्हतं. भाऊबीजेला शकूताईने कोनाड्यातून ओवाळलं. मी इकडे पाटावर बसलेलो, ती तिकडे पाटावर, मधे हातभर लांब अंधार आणि त्याच्या टोकाला निरांजनाच्या उजेडात तिचा चेहरा. ताट आरपार आलं, मी त्यात बंदा रुपया घातला, ताट परत गेलं. दुसऱ्या वर्षी कांजिण्या नव्हत्या. तरी मी जिन्याने तिच्याकडे गेलो नाही, पाट घेऊन कोनाड्यासमोर बसलो. तेव्हापासून आमची भाऊबीज कोनाड्यातूनच झाली. माझं लग्न झाल्यावरही. आम्ही बुलढाण्याला राहायला गेल्यावरही. मी दिवाळीचे चार दिवस येऊन घर उघडायचो, जाळी काढायचो, पाट मांडायचो. आई गेली, काकू गेल्या, बापूकाका गेले. शकूताई लग्न न करता त्या घरात राहिली आणि भांड्यांवर नावं घालत राहिली. स्टीलवर यंत्राने नाव घालायची सोय झाली तरी पेठेतल्या काही बायका तिच्याकडेच यायच्या.

तीन वर्षांपूर्वी ताट परत गेलं ते कागद घेऊन. तिने तो उचलला, चष्मा शोधला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. मला तिचं कपाळ आणि कागदाची पाठ तेवढी दिसत होती.

"तुह्यं अडलं हाय काय?"

"हाव."

"माह्या सहीनं मोकळं होते?"

"दोन्ही घरं भेटली तरच घेतो म्हणतात ते. मधली भिंत सामाईक हाय ना. तुह्यं नाई असलं तर माह्यंही होत नाई."

ती पुन्हा वाचायला लागली. मला वाटत होतं तिने नाही म्हणावं. तसं मला खरोखर वाटत होतं की नंतर मी तसं ठरवलं, हे आता मला सांगता येत नाही.

"पेन हाय का?"

मी पेन दिलं. उभा जन्म लोकांची नावं घातलेल्या त्या हाताने तिने स्वतःचं नाव सावकाश लिहिलं, प्रत्येक अक्षर सुटं. मग कागद ताटात ठेवला आणि ताट पुढे सरकवायच्या आधी विचारलं,

"हा कोनाडा राहू देतीन ना रे?"

"हाव. मी बोललो त्याहिच्याशी."

मी बोललो नव्हतो.

साडीचं पाकीट माझ्या पिशवीतच होतं. ते मी कागदानंतर दिलं. तिने घेतलं आणि बाजूला ठेवलं, उघडून पाहिलं नाही. संक्रांतीच्या आत तिने घर रिकामं केलं आणि पिंपळगाव राजाला मावसभावाकडे राहायला गेली. माझ्या घराच्या किल्ल्या मी दुसऱ्याच्या हाती पाठवल्या. आत एकदाही गेलो नाही. त्यानंतर दोन भाऊबीजा आल्या. तिचा फोन आला नाही आणि मीही गेलो नाही. पहिल्या वर्षी ताप होता. दुसऱ्या वर्षी तापही नव्हता.

हॉटेलच्या पोराने माझी पिशवी घेतली आणि जिना चढला. जिन्याच्या सातव्या पायरीला एक खाच होती, वडिलांच्या डिंकाच्या पेट्या वर चढवताना पडलेली. पायाने ती शोधली, पण पायऱ्यांवर जाजम होतं. वर दाराला "सातपुडा सुइट" अशी पितळी पाटी. यंत्रावर कोरलेली, सगळी अक्षरं एकसारखी.

दार मागे लागलं आणि मी आमच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. पांढरा पलंग, पांढऱ्या उशा. चुलीच्या जागी लिहायचं टेबल. खिडकीतून पूर्वीसारखाच डोंगर दिसत होता, पण काच जाड आणि कायमची बंद. एसीसाठी. मी नाकाने हुंगत भिंतीच्या कडेने फिरलो. मोहाचा नाही, डिंकाचा नाही, धुराचा नाही. कुठलाच वास नाही. बाहेर पेठ चालू होती, टेम्पो येत-जात होते, आणि ते तोंड हलवणाऱ्या माणसांसारखे नुसते दिसत होते.

मधल्या भिंतीत एक दार काढलं होतं. त्यातून पलीकडे गेलो तर शकूताईच्या स्वयंपाकघरात न्हाणीघर. चुलीपाशी, जिथे बसून काकू भाकरी थापायच्या, तिथे आंघोळीचा पांढरा टब. आरशाखाली संगमरवरी फळी आणि फळीवर जुन्या पितळी वाटीत गुलाबी साबणाची वडी. मी साबण काढून बाजूला ठेवला. कडेवर "शकू". पहिलं अक्षर जरा कललेलं.

शकूताई जाताना ती वाटी कोनाड्यात ठेवून गेली होती. हे मला कोणी सांगितलं नाही, पण वाटी दुसरीकडे कुठे असणार. तिच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. पण ज्याला घ्यायची होती तो आला नाही, आणि सामान उचलणाऱ्यांना ती सापडली.

वाटी घेऊन मी पलंगाच्या खोलीत आलो. कोनाडा असायचा त्या जागी भिंतीवर मोठा टीव्ही होता. मी गाल भिंतीला टेकवून टीव्हीच्या मागे हात घातला. गुळगुळीत. वाटीने दोनदा वाजवलं. एरवी भिंत दगडासारखी वाजायची, इथे भद्द आवाज आला, विटांचा भराव घातल्याचा. मी थोडा वेळ थांबलो. कशासाठी थांबलो हे लिहायला लाज वाटते.

मग मला बाहेर जायचं होतं. दार उघडेना. मी ढकललं, खांदा लावला, कार्ड खाचेत घातलं, काढलं, पुन्हा ढकललं. भरदुपारी, थंडगार खोलीत मला घाम फुटला, आणि कानामागे तुपाचा वास आला. शेवटी फोन उचलला.

"सर, दार आत ओढा," पलीकडून आवाज आला.

आमचं दार बाहेर उघडायचं, गॅलरीत. दार तेच होतं, त्यांनी उलटं बसवलं होतं. चाळीस वर्षांच्या सवयीने मी ते ढकलत बसलो होतो.

मॅनेजर स्वतः वर आला. तिशीतला, टाय लावलेला, दुसरबीडचा. मला धाप लागलेली बघून त्याने पाणी ओतलं. मग त्याचं लक्ष माझ्या हातातल्या वाटीकडे गेलं.

"सर, साबण आवडला नाही का?"

"ही आमच्या घरची वाटी आहे. इथं कोनाडा होता, आरपार. त्यातली."

"हो, फोटो पाहिलेत मी कामाच्या वेळचे. टीव्हीला सपाट जागा पाहिजे होती, म्हणून बुजवला."

"तो ठेवायचा होता."

"मग सांगायचं होतं ना सर." तो हे अगदी सहज बोलला, मनात काही न ठेवता. "आमचे आर्किटेक्ट असल्या गोष्टींसाठी जीव टाकतात. पाहुण्यांनाही लई आवडतं. काच लावून, आत दिवा ठेवून दाखवला असता. टीव्ही काय, समोरच्या भिंतीवर गेला असता. पण कोणी काही बोललंच नाही. आम्हाला वाटलं, असंल एखादं भोक."

मी पलंगावर बसलो. ही तीन वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की मी बोललो असतो तरी त्यांनी ऐकलं नसतं. कंपनी मोठी, आपण कोण. याच एका वाक्यावर मी झोपत होतो.

"ही वाटी मला नेता येईल का?"

तो दाराकडे बघून हळू बोलला. "यादीत आहे सर. फुटली असं लिहिलं असतं, पण पितळ फुटत नाही. हरवली लिहितो. घेऊन जा."

मी तिथे मुक्काम केला नाही. हॉटेलच्या जेवणात दह्याची वाटी होती, ती तशीच ठेवून उठलो. स्टँडवर आलो, नांदुऱ्याला बस बदलली आणि दिवस मावळायच्या आत पिंपळगाव राजाला उतरलो. वाटी रुमालात गुंडाळून मांडीवर धरली होती. शेजारच्या बाईने विचारलं, "देवाचं हाय का?" मी हो म्हणालो.

मावसभावाचं घर नवीन, स्लॅबचं. शकूताईची खोली त्यांच्या बैठकीच्या पलीकडे. तिच्याकडे जायचं तर बैठकीतून जावं लागतं आणि बाहेर पडायचं तरी बैठकीतूनच. घरातली माणसं टीव्ही बघत होती. त्यांनी पाय आखडून मला वाट दिली. खोलीत एक खाट, एक खिडकी, आणि खिडकीबाहेर वीतभर अंतरावर शेजाऱ्यांची भिंत. ती खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. केस सगळे पांढरे झालेले. मला बघून तिने ताट बाजूला केलं नाही.

"आज काऊन? आज भाऊबीज नाई."

"नाई."

"बस ना मंग. खाटीवर बस, ते खुर्ची मोडकी हाय. कालच पडली मी." ती जरा हसली. "घरचे बरे हायेत ना?"

"हाव."

मी रुमाल सोडून वाटी तिच्यापुढे ठेवली. तिने ती उचलून खिडकीच्या उजेडात धरली, पदराने कडा पुसली, नखाने अक्षरांमधला साबण उकरला आणि बोट हुंगलं.

"साबन ठेवत होते काय याच्यात?"

"हाव."

"बरं झालं. मले वाटलं भंगारात गेली असंन." ती उठली, भिंत धरत कोपऱ्यापर्यंत गेली, तांब्यातल्या पाण्याने वाटी विसळली आणि झाकलेल्या पातेल्यातून पळीभर दही वाटीत काढून आणलं. "आपलंच विरजन हाय हे. येतानी डब्यात आनलं होतं. एक दिवस मोडू नाई दिलं. या लोकायले पाकिटातलं लागते, मी माह्यं येगळं लावतो. खा."

बैठकीतून टीव्हीतल्या हसण्याचा आवाज येत होता. वाटी तिने माझ्यापुढे सरकवली, ताट सरकवायची तशी, दोन्ही हातांनी. मी वाटीला हात लावला नाही.

"कोनाडा कसा हाय?" तिनेच विचारलं. "राहू देला त्याहिनं?"

"नाई ताई. बुजवला." मी वाटीकडे बघत होतो. "ताटात कागद ठेवाले नोको होता म्या. चुकलं माह्यं. अन् त्या दिवशी तुले खोटं सांगतलं. मी बोललोच नव्हतो त्याहिच्याशी. एका शब्दानंही नाई. नुसतं बोललो असतो ना ताई, तरी राह्यला असता तो."